हुबळी-धारवाडच्या बायका कोणकोणत्या उद्योगांत आहेत?

प्रश्न : आम्ही केशवापुरात राहतो. सकाळी सहापासून आमच्या रस्त्यावरून बायका कामाला जाताना दिसतात. महापालिकेच्या झाडूवाल्या, रेल्वे क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करणाऱ्या, दवाखान्यातल्या आया नि नर्सेस, कापडदुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली. शेजारच्या घरात दुपारभर विकायच्या भाकरी थापल्या जातात. आणि परवा पेपरात वाचलं की भारतातल्या शहरांत शंभरातल्या अठ्ठावीसच बायका काम करतात. मग मी रोज पाहते ते काय? आमच्या भागात बायका नेमक्या कुठे कुठे कामाला आहेत?
— एक वाचक भगिनी, केशवापूर, हुबळी

उत्तर : आपण रोज पाहता ते खरं आहे आणि पेपरातला आकडाही बनावट नाही. तो केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीतला, जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा आहे. पंधरा वर्षांवरच्या शहरी स्त्रियांपैकी २८ टक्के कामात होत्या किंवा काम शोधत होत्या. खेड्यांत हेच प्रमाण ४७.६ टक्के आणि सगळा देश मिळून ४१.७ टक्के. २०१७-१८ साली देशाचा आकडा अवघा २३.३ होता. सहा वर्षांत एवढी उडी पाहून कुणालाही वाटेल की बायकांना भराभर नोकऱ्या लागल्या. तसं झालेलं नाही. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांत ६७ जणी स्वयंरोजगारात होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या. दरमहा ठरलेला पगार हातात पडणाऱ्या जेमतेम सोळा.

हे मोजतात कसं, ते आधी पाहू. पाहणी करणारा घरातल्या प्रत्येक माणसापुढे एक सांकेतिक क्रमांक लिहितो. स्वतःचा धंदा असेल तर ११, घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार असेल तर २१, नियमित पगार असेल तर ३१, रोजंदारी असेल तर ५१. नुसतं घरकाम असेल तर ९२. घरकामाबरोबर सरपण, चारा गोळा करणं किंवा घरच्यांसाठी शिवणं-विणणं असेल तर ९३. या शेवटच्या दोन खान्यांतली बाई, वर्षभरात दुसरं काही काम नोंदलं गेलं नाही तर, कामकऱ्यांत धरली जात नाही. काम कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, या रेषेचा वळसा मोठा चमत्कारिक आहे. घरी म्हैस पाळली, दूध काढलं आणि ते सगळं घरातच प्यायलं, तरी ते काम. त्याच दुधाचं घरच्यापुरतं दही लावलं, ताक केलं, लोणी काढलं, तर ते काम नाही. शेतातली ज्वारी काढणं काम, तिची घरच्यांसाठी भाकरी थापणं नाही. भाकरी विकली की ती उद्योगात गेली. म्हणजे आपल्या शेजारच्या घरातल्या बायका नियमाने कामकरी ठरतात, पण कुणी विचारलं आणि नीट सांगितलं तरच.

घरकाम मोजायला सरकारची वेगळी पाहणी आहे, वेळ कसा खर्च होतो त्याची. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा रोजचा वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषाचा ८८. पावणेपाच तास आणि दीड तास. हे सगळे तास ९२ क्रमांकाच्या आत दडलेले आहेत.

आता आपला मूळ प्रश्न. शेतीपासून सुरुवात करायला हवी, कारण देशातल्या कामकरी स्त्रियांपैकी २०२३-२४ मध्येही ६४ टक्के शेतीतच होत्या आणि हुबळीच्या भोवतीही तेच चित्र आहे. पण नुसतं 'शेती' म्हटलं की खुरपणी-कापणी डोळ्यांपुढे येते. आपल्या भागात शेतीच्या नावाखाली एक अत्यंत कौशल्याचा उद्योग चालतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या बोटांवर उभा आहे. तो म्हणजे संकरित बियाण्याचा.

धारवाडला डॉ. बी. एच. कटारकी यांनी १९७२ मध्ये 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस तयार केला. दोन वेगळ्या जातींच्या कापसाचा तो पहिला व्यापारी संकर. त्यानंतर बियाणं तयार करण्याचं काम हावेरी, राणेबेन्नूर भागात पसरलं. हावेरी आणि गदग हे १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्याचेच भाग होते. हे काम असं चालतं : कापसाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, तेव्हा फूल आपलं आपणच फळतं. ते होऊ द्यायचं नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. नखाने तिच्या पाकळ्या आणि त्यांच्याबरोबर परागकोश सोलून काढायचे. मधला स्त्रीकेसर दुखावला तर ते बोंड गेलं. सोललेल्या कळीवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर फिरवायचे. एका झाडावर नव्हे, शेतातल्या प्रत्येक कळीवर, फुलोऱ्याचा हंगाम संपेपर्यंत. सकाळ परागांची, दुपार सोलण्याची. यंत्राला हे जमलेलं नाही. बियाण्याच्या पाकिटावर कंपनीचं नाव असतं आणि आतलं प्रत्येक बी कुणा ना कुणा बाईच्या हाताखालून गेलेलं असतं. या कामावर शाळकरी मुलींना लावलं जातं म्हणून अनेक वर्षं आवाज उठत आला आहे. लहान बोटं चपळ चालतात हे कारण तेव्हा पुढे केलं जायचं. मला ते कधीच पटलं नाही. बाईला पुरेशी मजुरी द्यायची तयारी नसते तेव्हाच मुलीची बोटं आठवतात.

मिरचीचंही तसंच. ब्याडगी मिरची आपल्या मराठी स्वयंपाकघरात रंगासाठी येते, तिखटासाठी नव्हे. ती हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारातून. बाजारात ढीग लागतो तोवर शेतकरी दिसतो, लिलाव दिसतो, अडत्या दिसतो. पुढे गोदामांत पोत्यांच्या कडेला बसून देठ खुडणाऱ्या बायका असतात. पांढऱ्या पडलेल्या, डागी मिरच्या बाजूला काढायच्या, देठ मोडायचा, फळ फुटू द्यायचं नाही. मजुरी किलोवर. खोकला आणि डोळ्यांची आग हिशेबात धरलेली नसते. देठ काढलेल्या मिरचीला अधिक भाव मिळतो आणि तिचा रंग पुढे अर्क काढणाऱ्या कारखान्यांत जातो. मसाल्याच्या धंद्यात या टप्प्याची किंमत कुणी वेगळी सांगत नाही.

धारवाडी म्हशीचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण वर म्हशीचा उल्लेख आलाच. धारवाड पेढ्याची कीर्ती आपल्याला सांगायला नको. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो नावारूपाला आणला आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. पेढ्याला लागतो खवा, खव्याला दूध आणि दुधामागे म्हैस. कलघटगी, हल्याळ भागात धनगर-गवळ्यांच्या वाड्या आहेत. या लोकांच्या घरांत मराठी बोलली जाते. धार काढणं, शेण काढणं, वैरण टाकणं, वासराची देखभाल, यातलं बहुतेक बायकांच्या अंगावर. पाहणीच्या नियमाने ही बाई पक्की कामकरी. पण डेअरीच्या खात्यावर नाव बहुतेक वेळा घरच्या पुरुषाचं असतं आणि ते खातं पाहून कुणी तिला दूध-उत्पादक म्हणत नाही.

नवलगुंदचा जमखाना वेगळा. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंद गावी मुसलमान घराण्यांतल्या बायका उभ्या मागावर सतरंज्या विणतात. यालाही भौगोलिक मानांकन आहे. पूर्वज विजापूरहून, आदिलशाही आणि मराठ्यांच्या लढायांच्या धामधुमीत इकडे आले असं सांगतात. हा उद्योग फक्त बायकांचा. आणि विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून लग्न न झालेल्या मुलींना ती शिकवायची नाही, असा रिवाज नोंदलेला आहे. मुलगी सासरी जाणार, तिच्याबरोबर नक्षीही जाईल, ही भीती. विणणाऱ्या हातांची संख्या आज थोडी राहिली आहे त्यामागे बाजार, मजुरी, यंत्राच्या सतरंज्या अशी बरीच कारणं आहेत. पण पोटच्या मुलीपासूनच झाकून ठेवलेली विद्या फार काळ टिकणं मुळात अवघडच.

कशिद्याचं तसं नाही. धारवाडची कसुती आया-आज्यांकडून मुलींनी उचलली. गावंती, मुरगी, नेयगी, मेंथी हे तिचे चार टाके. कापडाचे धागे मोजून घालायचे, गाठ मारायची नाही, गावंतीत सुलट-उलट दोन्हीकडे सारखीच नक्षी उठली पाहिजे. इरकली साडीवर ती शोभते. मजुरी मात्र टाक्यावर नाही, साडीवर ठरते, त्यामुळे ज्या बाईने नक्षी दाट भरली तिचं नुकसान होतं. हा हिशेब उलटा करायला हवा.

खाण्याच्या धंद्यात बायका किती आहेत ते केशवापुरात बसून आपल्यालाच जास्त दिसेल. कडक भाकरी, शेंगाचटणी, गुरेळ्ळू (कारळ्याची) चटणी यांची पाकिटं हुबळीहून पुण्या-बंगळुरापर्यंत जातात. हुबळीच्या सावजी खानावळी प्रसिद्ध आहेत. पाटीवर मालकाचं नाव आणि चुलीपाशी घरातल्या बायका, हे चित्र तिथेही आहे. त्या २१ क्रमांकाच्या. धंदा घरचा, कष्ट तिचे, पगार कुणालाच नाही आणि गल्ला एकाच्याच हातात.

शहरी नोकऱ्यांचं थोडक्यात सांगतो. दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय २००३ पासून हुबळीत आहे, केशवापूर तर रेल्वेच्या वसाहतीला लागूनच. १९५७ साली सुरू झालेलं 'किम्स' रुग्णालय, खासगी दवाखाने, शाळा-कॉलेजं, बँका, दुर्गदबैल आणि कोप्पीकर रोडवरची कापडदुकानं. नर्स, शिक्षिका, कारकून, विक्रेत्या. नियमित पगाराच्या बायका मुख्यतः इथे. आणि याच चित्रात अंगणवाडी ताई आणि आशा ताई आहेत, ज्यांना सरकार मानधन देतं आणि कर्मचारी म्हणत नाही. अंगणवाडी १९७५ पासून चालू आहे. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते २०२२ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं.

प्रश्न : देशाचा अधिकृत झेंडा हुबळीत तयार होतो आणि तो बायकाच करतात, हे खरं का?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : खरं आहे. केशवापुराच्या शेजारीच बेंगेरी आहे. तिथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ, स्थापना १ नोव्हेंबर १९५७. भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र घेऊन खादीचा राष्ट्रध्वज शिवायला इथे २००६ पासून सुरुवात झाली. कामगारांत बहुसंख्य बायका. शिवण्याआधीचं कताई-विणाईचं काम धारवाडजवळच्या गरग आणि बागलकोटकडच्या तुळशीगेरी भागात, तिथेही बायकाच पुढे.

काम सहा टप्प्यांत चालतं : सूतकताई, विणाई, रंगाई, चक्र छापणं, शिवणं आणि दोरी लावणं. नऊ मापांचे झेंडे. टेबलावर ठेवायचा सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा, सर्वांत मोठा साधारण २१ बाय १४ फुटांचा. खरी कसोटी चक्राची. पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी छपाई होते आणि चोवीस आरे एकमेकांच्या बरोबर पाठीला पाठ लावून पडले पाहिजेत. उजेडासमोर धरल्यावर एक आरा इकडचा नि एक तिकडचा दिसला तर तो पट्टा बाद. तीन पट्ट्यांची रुंदी सारखी, शिवण सरळ, रंगाची छटा ठरवून दिल्याप्रमाणे. ही शिवणकाम करणारी बाई कुठल्याही मोठ्या कारखान्यातल्या गुणवत्ता-तपासनिसाइतकीच जबाबदारी घेते आणि तिची मजुरी बरीचशी कामाच्या नगावर ठरते.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि पॉलिएस्टरचा, यंत्रावर केलेला झेंडाही चालेल असं ठरलं. घरोघरी झेंडा पोचावा हा हेतू वाईट नव्हता. पण स्वस्त पॉलिएस्टरपुढे हाताने काढलेल्या सुताची खादी टिकणार कशी? बेंगेरीच्या संघाने या बदलाला उघड विरोध केला. माझं मत स्पष्ट आहे : सरकारी इमारतींवर, शाळांवर आणि ग्रामपंचायतींवर तरी खादीचाच झेंडा असावा. ही मागणी भावनेची नाही, गरग आणि बेंगेरीच्या चुलींची आहे.

प्रश्न : मोठ्या कारखान्यांत बायका कमी का? हुबळी-धारवाडला तर कारखाने बरेच आहेत.
— एक निवृत्त कामगार, इचलकरंजी

उत्तर : आपण स्वतः कापडाच्या गावचे आहात, म्हणून गिरण्यांपासून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुबळीत सूतगिरणी निघाली, तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. इलाख्यातल्या गिरण्यांमध्ये बायका मुख्यतः रीळ आणि वाइंडिंग खात्यांत असत. पुढे त्यांची संख्या घटत गेली. यंत्रं बदलली ती प्रथम याच खात्यांतली. रात्रपाळीला बंदी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, तो चांगलाच होता, पण खर्च मालकावर टाकल्यामुळे बऱ्याच मालकांनी बायकांना घेणंच कमी केलं. तीच गोष्ट आज पुन्हा दिसते. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे आहे आणि पन्नास किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं. कायद्याचा पूर्ण भार मालकावर राहतो तोवर काही मालक पळवाट शोधणारच. हा खर्च समाजाने, म्हणजे सरकारी विम्यातून, उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळीची अडचण आता कायद्याने उरलेली नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना कामावर ठेवायला मनाई होती. कर्नाटकाने २०१९ मध्ये अटींसह ती उठवली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये बाईची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर देशभर परवानगी आहे. पण रात्री दोनला पाळी सुटल्यावर तारिहाळच्या किंवा धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतून घरी कसं जायचं? संमतीच्या कागदावर सही घेतली म्हणजे बस सुटत नाही.

आणि मानसिकता. हुबळीच्या बी.व्ही.बी. अभियांत्रिकी महाविद्यालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिग्गावची एक मुलगी दाखल झाली. वर्गात एकटी. साडी नेसून यायचं, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, अशा अटी होत्या आणि कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृहही नव्हतं. पुढे १९७४ मध्ये 'टेल्को'च्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं वाचून तिने थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि ती पुण्याच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून रुजू झाली. त्या सुधा मूर्ती. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्यातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग स्वच्छतागृहाचा वाटतो. पोस्टकार्ड लिहायचं धैर्य हजारांत एखादीकडे असतं, स्वच्छतागृह प्रत्येकीला लागतं. आज त्याच 'टेल्को'च्या, म्हणजे टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात मोटारी जोडणारी एक अख्खी लाइन बायका चालवतात. व्यवस्था केली की बायका येतात, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

प्रश्न : नगावर मजुरी घेणाऱ्या, घरोघरी विखुरलेल्या बायकांनी आपला हक्क मागायचा तरी कसा?
— एक कार्यकर्ती, कोल्हापूर

उत्तर : वाट आपल्या सीमाभागातच दाखवलेली आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत हजारो मराठी बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. धुळीने श्वास कोंडायचा, मजुरी तुटपुंजी, मुकादमाचा जाच निराळा. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघात त्या एकत्र आल्या आणि मजुरी, कामाचे तास, वागणूक यांवर लढल्या. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, दिग्दर्शिका दीपा धनराज त्या गटात होत्या. त्या पडद्यावर बायका स्वतः बोलतात. पाहायला मिळाला तर जरूर पाहा.

दुसरी वाट कायद्याची. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, कारखान्यात पाऊल न टाकता. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत गेला आहे, पण त्यामागचा विचार मोलाचा आहे : काम कुठे होतं ते महत्त्वाचं नाही, काम कुणासाठी होतं ते महत्त्वाचं. मिरचीचे देठ खुडणारी, साडीवर कसुती काढणारी, कंपनीसाठी बियाणं फळवणारी, या सगळ्यांना हाच नियम लावता येईल. आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर जोर धरावा.

प्रश्न : कर्नाटकात बायकांना बस फुकट केली. त्याने कामावर काही फरक पडतो का, की नुसतीच मतांची योजना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : 'शक्ती' योजना ११ जून २०२३ पासून आहे. राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसने राज्यात कुठेही मोफत प्रवास. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एस.टी.त अर्धं तिकीट झालं. मतांचा विचार कुठल्या सरकारच्या मनात नसतो? पण हिशेब करून पाहा. कुंदगोळहून किंवा कलघटगीहून हुबळीला धुण्याभांड्यांना येणारी बाई महिन्याला सव्वीस दिवस दोन्ही वेळचं भाडं भरायची. दोन घरं धरली तर त्यांतल्या एका घराच्या पगाराचा बराच भाग बसलाच जायचा, म्हणून ती गावातच पडेल त्या मजुरीवर राहायची. आता ती तीन घरांपर्यंत जाते, दुसऱ्या मुकादमाला विचारते, भाव करते. मजूर हलू शकला की मजुरी हलते. या बसगाड्या चालवणाऱ्या वायव्य कर्नाटक परिवहनाचं मुख्यालयही हुबळीतच, गोकुळ रोडला. तिथे कंडक्टर म्हणून बायका आहेत, हा आणखी एक उद्योग आपण वरच्या उत्तरात जोडून घ्यावा. तक्रार एवढीच की बसगाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत आणि सकाळच्या गर्दीत लटकत जाणाऱ्यांत बायकाच अधिक दिसतात.

प्रश्न : हे सगळं वाचून सामान्य घरातल्या माणसाने करायचं काय?
— एक वाचक, धारवाड

उत्तर : एक गोष्ट अगदी हाताशी आहे. जनगणनेत माणसं मोजण्याचं काम फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, गणनेचा ठरलेला क्षण १ मार्च २०२७. दारात प्रगणक येईल, किंवा माहिती आपण स्वतः ऑनलाइन भराल. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे कामाचा प्रश्न असेल. मागच्या, २०११ च्या जनगणनेत 'गेल्या वर्षात कधीही काम केलं का' असं विचारलं होतं आणि मोबदला मिळो न मिळो, घरच्या शेतातलं, दुकानातलं, धंद्यातलं काम हे कामच धरलं होतं. घरच्यापुरतं दूध काढणंसुद्धा. तरीही लाखो घरांत उत्तर दिलं ते पुरुषाने, आणि बायकोबद्दल, आईबद्दल, सुनेबद्दल त्याने सांगितलं, 'ती काही करत नाही, घरीच असते.' प्रगणकाने तेच लिहून घेतलं. त्याच आकड्यांवर पाळणाघरं, वसतिगृहं, बसच्या फेऱ्या, प्रशिक्षणाचे वर्ग ठरतात. गावात कामकरी बायका कमी दिसल्या की पाळणाघराची गरज नाही असं कागदावर ठरतं.

म्हणून या वेळी घरातल्या बाईच्या कामाचा प्रश्न आला की उत्तर तिलाच देऊ द्या. तिने भाकरी विकली असेल, म्हैस सांभाळली असेल, दुकानात बसली असेल, हंगामात कळ्या सोलायला गेली असेल, दोन महिने का होईना, ते सांगा. तिला ते काम वाटत नसेल तर तिला आठवण करून द्या. प्रगणक घाईत असेल तर त्याला थांबवून घ्या आणि त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा.